दुसऱ्याच्या चकतीवर

एका पत्राचं उत्तर मी चौदा वर्षं दिलं नाही. ते हरवलं असतं तर माझी सोय झाली असती, पण माझ्या हातून कागद हरवत नाहीत. एवढा एकच गुण माझ्यात आहे आणि तोही असा नडला. पत्र मी जाड शब्दकोशात अगदी शेवटच्या पानांत ठेवलं होतं, कारण तिथवर कोणी जात नाही. मी मात्र वर्षातून दोन-तीनदा जायचो. वाचायचो, घडी घालायचो आणि परत ठेवायचो.

पत्र रेडिओचं. रेडिओ हे त्याचं टोपणनाव. तो झोपेतसुद्धा बोलायचा म्हणून पडलेलं. लांब पल्ल्याच्या मालट्रकवर आम्ही सहा वर्षं जोडीने ड्रायव्हर होतो. एकाने चालवायचं, दुसऱ्याने पाठीमागच्या फळीवर झोपायचं. मी पुस्तकं वाचायचो, म्हणून मला सगळे मास्तर म्हणत. आम्ही दोघं एकमेकांना ह्याच नावांनी हाक मारत होतो.

पत्र असं होतं :

'मास्तर, खुशाल असशील. मी आता एका गोदामाच्या फाटकावर बसतो. गाडी आली की बटण दाबायचं, दांडी वर. गाडी गेली की बटण दाबायचं, दांडी खाली. दिवस जाता जात नाही. गाडीत कंटाळा आला की निदान तुझं डोकं खाता यायचं, इथे दांडीचं काय खाणार? तू तेव्हा कंटाळा घालवायला काय काय करायचास ते सविस्तर कळव, मीही करून बघतो. दुसरं म्हणजे मुलगी माझ्याशी बोलत नाही. बाप गाडी चालवताना झोपला आणि एका माणसाचा पाय गेला, हे तिच्या सासरी कळलं. मी खरं ते सांगितलं तर म्हणते, बाबा, तुम्ही जन्मभर थापाच मारल्यात. ते बरोबरच आहे. पण तू थापा मारत नाहीस हे तिला ठाऊक आहे. तिला दोन ओळी लिही. गाडी कोण चालवत होतं, एवढंच. आता इतक्या वर्षांनी तुला कोणी काही करणार नाही, मी वकिलाला विचारून घेतलंय. तिचा पत्ता मागच्या बाजूला आहे. वहिनींना नमस्कार.'

पत्रात राग असता तर मी लगेच उत्तर दिलं असतं, असं मी स्वतःला सांगत आलो. रागावलेल्या माणसाशी कसं वागायचं ते मला थोडंफार कळतं. गप्प बसायचं असतं. पण ह्याने माझ्यासाठी वकिलाला विचारून ठेवलं होतं. त्यावर काय लिहायचं?

गाडी कोण चालवत होतं, तर मी.

हे वाक्य लिहायला मला किती वेळ लागला ते कुणाला खरं वाटणार नाही. पण मागचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

लांबच्या गाडीवर माणसाचा शत्रू झोप नव्हे, कंटाळा. झोपेशी भांडता येतं. तोंडावर पाणी मारावं, खाली उतरून चाकांना लाथा घालाव्यात. कंटाळ्याशी भांडायला समोर काही नसतं. सरळ रस्ता, इंजिनाचा एकच सूर, पुढच्या गाडीच्या मागच्या दारावरची तीच दोन कुलपं. तासाभराने वाटतं, आपण चालवत नाही, आपल्याला कोणीतरी चालवतंय. प्रत्येक ड्रायव्हर ह्यावर आपापला उपाय काढतो. कोणी बडीशेप चघळतो, कोणी खांब मोजतो. रेडिओ शेजारून जाणाऱ्या गाड्यांचे संसार रचायचा.

"मास्तर, ती निळी गाडी बघ. नवरा-बायको आज सकाळपासून बोलले नाहीत."

"तुला काय माहीत?"

"मागच्या सीटवर सासू आहे."

"ती उशी आहे रे."

"उशी घेऊन कोण फिरतं? सासूच. बघ, तिलाही झोप लागली."

असं तासन् तास. मला ते पोरकट वाटायचं. मी तसं बोललो नाही कधी, पण तोंडावर दिसत असणार. माझा उपाय उच्च दर्जाचा होता, असं माझं मत. वाचनालयातल्या पुस्तकातल्या पाच-सहा ओळी मी माल पोचवल्याच्या पावतीमागे मोठ्या अक्षरांत उतरवायचो आणि ती चिठ्ठी चिमट्याने स्टिअरिंगच्या चाकाच्या मधोमध लावायचो. एक नजर टाकायची, मान वर करायची, ती ओळ पुढचे दोन-चार किलोमीटर मनात घोळवायची. मग पुढची ओळ. सहा वर्षांत मी अशा कितीतरी कविता पाठ केल्या. माल उतरवायच्या रांगेत इतर ड्रायव्हर पत्ते खेळायचे तेव्हा मी त्यांच्याकडे बघून मनातल्या मनात म्हणायचो, हे आयुष्य वाया घालवतात, मी नाही.

आता आमच्या चकत्यांबद्दल. गाडीत वेगाच्या काट्यामागे एक घड्याळ असायचं. त्यात कागदाच्या दोन गोल चकत्या बसवायच्या, प्रत्येकीवर ड्रायव्हरचं नाव. पहिल्या कप्प्यात चालवणाऱ्याची, दुसऱ्यात विश्रांती घेणाऱ्याची. आतली सुई दिवसभर त्यांच्यावर रेघ ओढायची. कोणी किती तास चालवलं, किती वेगाने, कुठे थांबला. एका माणसाने दिवसाला ठरावीक तासच चालवायचं, असा नियम. पाळी बदलली की चकत्याही बदलायच्या, हाही नियम. आणि आपले तास संपले की जोडीदाराच्या चकतीवर चालवायचं, ही रीत. मालकाला ठाऊक होती, कारकुनाला ठाऊक होती. माल वेळेवर हवा होता, त्यामुळे कोणी विचारत नव्हतं.

त्या दिवशी गाडीत फरशा होत्या. संध्याकाळी पाचच्या आत उतरवायच्या होत्या. दुपारी एकच्या सुमाराला माझे तास संपले. रेडिओची दाढ आदल्या दिवसापासून ठणकत होती, गाल सुजला होता, आणि बोलणं बंद झालं होतं. रेडिओ बंद म्हणजे दुखणं खरं. त्याने अर्धा तास चालवली आणि गाडी कडेला घेतली.

"मास्तर, डोळ्यांसमोर तारे चमकायला लागलेत. तू बस. माझीच चकती राहू दे."

"तास संपलेत माझे."

"माझे आहेत ना. घे उसने. कविता पाठ कर दोन जास्तीच्या."

तो मागे जाऊन आडवा झाला. मी बसलो. चिठ्ठी लावली.

रस्ता सपाट होता. ऊन होतं, समोरची काच स्वच्छ होती. झोप अजिबात येत नव्हती; हे मी शपथेवर सांगेन, आणि हेच जास्त वाईट आहे. तिसरी ओळ काही केल्या आठवेना. खाली पाहिलं, मान वर केली, पुन्हा विसरलो. स्वतःचा राग आला आणि परत पाहिलं, ह्या वेळी जरा जास्त वेळ. मान वर केली तेव्हा रस्त्याकडेचं गवत कापणारा माणूस, नारिंगी जाकीट घातलेला, गाडीच्या डाव्या कोपऱ्याखाली जात होता.

त्याचा पाय मांडीपासून काढावा लागला. माणूस जगला.

गवत कापणारे इतर लोक वळणापलीकडे होते. आवाज ऐकून धावत आले. आम्ही दोघंही तोवर खाली उतरलो होतो, रेडिओ अनवाणी. मी चिठ्ठी खिशात घातली होती. कधी घातली ते आठवत नाही, पण हात खिशात होता. पोलीस अधिकारी आला, केबिनमध्ये चढला, घड्याळ उघडलं आणि पहिल्या कप्प्यातली चकती काढून नाव वाचलं.

"हा कोण?"

"मी," रेडिओ म्हणाला. "पण साहेब, मी मागे होतो."

"चकती तुझी चालत होती. सुई काय खोटं बोलते?" मग तो माझ्याकडे वळला. "तुम्ही सांगा. हा म्हणतो ते खरं?"

मी चकतीकडे पाहिलं. रेडिओ माझ्याकडे पाहत होता. तो काकुळतीला आला नव्हता. एखाद्याने दार उघडून धरावं आणि मागच्याची वाट पाहावी, तसा उभा होता. माझी जीभ टाळूला चिकटली. मी लहानपणापासून असाच आहे. वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नसे. अधिकारी थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "ह्यांना धक्का बसलाय." त्याने रेडिओचं नाव लिहून घेतलं.

पुढे मालकाच्या वकिलाने रेडिओला समजावलं. खोटी चकती चालवली म्हणालास तर दोघांचेही परवाने जातील, वर कंपनीचा. त्यापेक्षा डुलकी लागली म्हण, लवकर सुटशील. रेडिओ तसंच म्हणाला. माझी साक्ष झाली. मला एकच प्रश्न विचारला, चकती ह्याचीच होती ना? मी "हो" म्हणालो. ते खरंच होतं. रेडिओ दहा महिने आत राहिला आणि त्याचा परवाना कायमचा गेला. मी आणखी अकरा वर्षं गाडी चालवली. निवृत्त होताना मालकाने मला चौकटीतलं प्रमाणपत्र दिलं : एकतीस वर्षं, एकही अपघात नाही. बायकोने ते पुढच्या खोलीत लावलं. ती रोज ते पुसते.

मी खोटं बोललो नाही, मी फक्त बोललो नाही. ह्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली. वाक्य माझं होतं आणि मला आवडायचं.

गेल्या महिन्यात ड्रायव्हर प्रशिक्षण केंद्रातून फोन आला. तिथला मुख्य प्रशिक्षक पूर्वी आमच्याच कंपनीत होता, माझ्यापेक्षा बराच लहान. "मास्तर, नव्या मुलांशी तासभर बोला. विषय : लांबचा प्रवास आणि कंटाळा. तुमच्याइतकं डोकं लावून गाडी कोणी चालवली नाही." मी दोनदा नाही म्हणालो आणि तिसऱ्यांदा हो. स्तुती झाली की मी असा ढिला पडतो.

तीसेक प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. भिंतीवर ब्रेकची चित्रं. सुरुवातीला माझा आवाज पहिल्या रांगेच्या पुढे जाईना. मी सांगितलं, दर दोन तासांनी उतरा, पाणी प्या, रोज एका वेगळ्या ठिकाणी थांबा, हात दुखेस्तोवर चाक आवळू नका. मग चिठ्ठ्यांचं सांगितलं आणि वर्गात हालचाल झाली. त्यांना आवडलं. एकाने टिपून घेतलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या रांगेतून एका बाईने हात वर केला. तिशीची असेल, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"सर, एक विचारू? चिठ्ठी वाचताना रस्त्याकडे कोण बघायचं?"

हशा झाला. मागून कोणीतरी म्हणालं, "रस्ता सरांना पाठ असेल!"

"नजर क्षणभरच जायची," मी म्हणालो.

"ऐंशीच्या वेगाने एका सेकंदात गाडी बावीस मीटर जाते. परवाच शिकवलं आम्हाला." ती मला टोचत नव्हती, खरंच विचारत होती. "मग तुमच्या हातून कधीच काही झालं नाही?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. ह्या वेळी माझी जीभ चिकटली नाही.

"नाही," मी म्हणालो. अगदी स्वच्छ, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं. टाळ्या वाजल्या.

नंतर ऑफिसात चहा देताना प्रशिक्षक म्हणाला, "छान झालं. तुमचा तो जोडीदार गेला, कळलं ना? रेडिओ. दीड वर्ष झालं. फाटकावरच बसल्या बसल्या."

मी हो अशी मान हलवली. कळलं नव्हतं.

"शेवटी त्याच्या भावाने केलं सगळं. मुलगी आलीच नाही म्हणे. माणूस मजेशीर होता, पण झोपेने घात केला बिचाऱ्याचा. आम्ही वर्गात अजून त्याचंच उदाहरण देतो. डोळा लागायला लागला की म्हणायचं, रेडिओ आठव. पोरं हसतात, पण लक्षात राहतं."

मी चहा संपवला. प्रशिक्षकाने मला फाटकापर्यंत सोडलं, पुन्हा यायचं वचन घेतलं, आणि मी तेही दिलं.

घरी आल्यावर मी लिहायला बसलो. पहिला मसुदा पाच पानांचा झाला. त्यात सरळ रस्त्याचं वर्णन होतं, माणसाच्या मनाविषयी परिच्छेद होता, माझ्या बुजऱ्या स्वभावाचं कारण बालपणापर्यंत शोधलं होतं. वाचून पाहिलं आणि लाज वाटली, कारण ते बरं लिहिलं गेलं होतं. गवत कापणाऱ्याचा पाय चौथ्या पानावर आला होता. दुसरा मसुदा दोन पानांचा. त्यात मी सात वेळा क्षमा मागितली होती. एका बाईला तिचा बाप गेल्यावर पत्र पाठवायचं आणि वर तिच्याकडून काहीतरी मागायचं. तोही फाडला.

बायको दाराशी उभी होती. "अहो, आठ दिवस झाले, काय चाललंय? ना धड जेवण, ना पुस्तक. कुणाला लिहिताय?"

"एका बाईला."

"ह्या वयात?" ती म्हणाली आणि माझा चेहरा बघून थांबली.

मी तिला शब्दकोशातलं पत्र दिलं. तिने खिडकीशी नेऊन वाचलं. मग मी सांगितलं, अडखळत, पण सगळं. चिठ्ठीसुद्धा. मला वाटलं, रडेल किंवा ओरडेल. तिने पत्र घडीवर घडी तशीच घातली.

"भाऊजी तुरुंगात होते तेव्हा त्यांची बायको आपल्याकडे आली होती," ती म्हणाली. "मी तिला म्हटलं होतं, नवऱ्याला जरा जपायला सांग. असं चाकावर झोपतं का कोणी?" ती माझ्याकडे बघत नव्हती. "तुम्ही तेव्हा आत पुस्तक वाचत होतात. ऐकू येत होतं तुम्हाला."

"हो."

"पुढच्या खोलीतलं ते प्रमाणपत्र तुम्ही काढता की मी काढू?"

मी काढलं. भिंतीवर त्या जागी फिकट चौकोन राहिला. बायकोने त्या रात्री अंथरूण पुढच्या खोलीत घातलं, आणि अजूनही तिथेच घालते. मी त्याबद्दल विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलं ते एवढंच :

'तुमच्या वडिलांबरोबर मी सहा वर्षं गाडी चालवली. अपघात झाला तेव्हा गाडी मी चालवत होतो. ते मागे आजारी पडून होते. घड्याळात चकती त्यांची होती, कारण माझे तास संपले होते आणि तशी आमची रीत होती. मला झोप आली नव्हती. मी चाकावर लावलेला कागद वाचत होतो. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो, आणि कोर्टातही. तुमचे वडील तुम्हाला सांगत होते ते खरं होतं. चौदा वर्षांपूर्वी त्यांनी मला पत्र पाठवून तुम्हाला हे लिहायला सांगितलं होतं. मी लिहिलं नाही. त्यांचं ते पत्र सोबत आहे. ते तुमचं आहे. प्रशिक्षण केंद्रालाही मी हेच लिहून कळवत आहे.'

केंद्राचं पत्र त्याहून लहान झालं. वर्गात ज्याचं उदाहरण देता त्याचं नाव बदला आणि माझं घाला, असं लिहिलं. अपघात झाला तेव्हा चाकावर मी होतो आणि झोपलो नव्हतो, वाचत होतो, तेही लिहिलं.

पोस्टात रांग होती. माझ्या पुढच्या माणसाला पार्सल बांधायला दोरी कमी पडली, त्यावर बराच वाद झाला, आणि मला तो अजून चालावा असं वाटत होतं. खिडकीवरच्या मुलीने दोन्ही पाकिटं वजनाला लावली. रेडिओच्या मुलीचं पाकीट तिने उलटंसुलटं केलं.

"आजोबा, पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही ह्यावर."

"आत आहे."

"आत असून काय उपयोग? पत्ता जुना दिसतोय. तिथे कोणी नसलं तर परत कुठे पाठवायचं आम्ही? बाहेर लिहा."

आत होतं असं मी म्हणालो, पण आतही नव्हतं. पत्राखाली मी फक्त 'मास्तर' लिहिलं होतं. तिने दोरीला बांधलेलं पेन माझ्याकडे सरकवलं. मागे लोक खोळंबले होते. मी पाकीट परत मागून घेऊ शकत होतो; तसा विचार आला, तेही सांगून टाकतो. मग मी पूर्ण नाव लिहिलं, घर क्रमांक, गल्ली, पिन कोड. वाचता येईल अशा अक्षरात.

"तातडीचं पाठवायचं का?"

"साधं रजिस्टर," मी म्हणालो.

तिने शिक्का मारला, पावती फाडून दिली आणि पाकीट मागच्या टोपलीत टाकलं.